माझी नडगी आणि सासऱ्यांचा चहा

आमच्या सासऱ्यांनी आयुष्यात एकाही माणसाकडे वरवर पाहिलेलं नाही. ते थेट आत पाहतात, आणि आत त्यांना मन, स्वभाव, संस्कार असलं काही दिसत नाही, हाडं दिसतात. समोर माणूस आला की आधी त्याची चाल, मग गुडघा, मग खांदा, आणि एवढं होऊन वेळ उरलाच तर चेहरा. देवळीला त्यांची अकरा एकर शेती आहे, कापूस, तूर, सोयाबीन सगळं वेळच्या वेळी होतं, पण गाव त्यांना ओळखतं ते हाडांमुळे. कुणाचा हात मोडला की एक्स-रे आधी डॉक्टरकडे जातो आणि मग आमच्या सासऱ्यांकडे येतो. ते तो अंगणात नेऊन सूर्यासमोर धरतात, एक डोळा मिटतात आणि इतका वेळ बघतात की ज्याचं हाड आहे त्याला घाम फुटावा. बरं, ते हाडवैद्य नाहीत. त्यांनी कुणाचा हात कधी ओढला नाही, कुणाला तेल लावलं नाही. ते फक्त पाहतात आणि म्हणतात, "चांगलं जुळून राह्यलं." तेवढ्यावर माणूस समाधानानं घरी जातो. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या काकांचं कोपर त्यांच्या नजरेस पडलं. मंगलाष्टकं संपली तेव्हा हे दोघं मांडवाच्या मागे उन्हात उभे होते आणि ह्यांच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच होत्या.

माझी परीक्षाही त्यांनी अशीच घेतली, फक्त ती मला फार उशिरा कळली. मी मुलगी पाहायला गेलो होतो. पोहे झाले, पगार विचारून झाला, आणि हे म्हणाले, चला, विहीर दाखवतो. मला वाटलं, वा, माझ्या मताला इथे किंमत आहे. मी विहिरीत डोकावून पाण्याच्या पातळीबद्दल दोन-चार विधानंही केली. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, सांगितलं की जाताना आणि येताना तिचे बाबा मुद्दाम माझ्या मागे चालत होते. घरी आल्यावर त्यांनी निकाल दिला होता, "पोरगा भारी हुशार नाई, पन टाच बरोबर टेकवते." माझं शिक्षण, माझी महाविद्यालयातली ग्रंथपालाची नोकरी, मी त्या दिवसासाठी शिवून घेतलेला शर्ट, ह्यातल्या कशाचाही त्या लग्नाशी संबंध नव्हता. मला मुलगी मिळाली ती टाचेवर.

ह्या वेडाचं मूळ त्यांच्या स्वतःच्या मांडीत आहे. चाळिशीत असताना जिनिंग मिलच्या आवारात कापसाच्या भरल्या बंडीवरून, म्हणजे बैलगाडीवरून, ते खाली आले आणि मांडीचं हाड मोडलं. त्यात स्टीलची प्लेट आणि आठ स्क्रू बसले. तेव्हापासून त्या मांडीचे जेवढे म्हणून एक्स-रे निघाले ते सगळे सासूबाईंच्या शालूच्या खोक्यात क्रमानं ठेवलेले आहेत. शालू कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. घरी दुसऱ्यांदा आलेल्या पाहुण्याला ते दाखवले जातात. पहिल्यात हाड वेगळं आणि प्लेट वेगळी, मध्ये काळी रेघ. पुढच्या फिल्ममध्ये रेघ पुसट होते. आणखी काही वर्षांनी हाड प्लेटच्या कडेवर चढू लागतं, आणि शेवटच्या फिल्ममध्ये दोन स्क्रूंची डोकी पार हाडाखाली गेलेली दिसतात. पाहुण्याला तरीही नीट समजलं नाही असं वाटलं तर त्याला शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबाकडे नेतात. त्या झाडाला कधीकाळी कुंपणाची तार ठोकली होती. आता तार एका बाजूनं खोडात शिरते आणि दुसऱ्या बाजूनं निघते, मधली झाडानं गिळली. "हेच हाये मांडीत," ते म्हणतात आणि खोडावरून हात फिरवतात. मध्यंतरी एकदा प्लेट काढायचा विचार निघाला होता, पण डॉक्टर म्हणाले, हाडानं तिला धरून घेतलंय, आता राहू द्या. ह्याचा त्यांना केवढा अभिमान. फक्त प्लेटच्या खालचं हाड थोडं बारीक झालेलं आहे, ते दाखवताना त्यांचा आवाज उतरतो. घरातल्या आळशी नातेवाइकाबद्दल बोलावं तसं ते सांगतात की जिथं लोखंड राबते तिथं हाड कामचोर होते.

ह्या लोखंडापायी मी त्यांच्याबरोबर नागपुरात एकदा चारचौघांत मान खाली घातली आहे. एका सरकारी इमारतीच्या दाराशी धातू ओळखणारी चौकट होती. सासरे तिच्यातून मोठ्या अपेक्षेनं गेले. चौकट वाजली नाही. ते परत मागे आले, आणि ह्या वेळी मांडी पुढे करून आडवे गेले. तरी नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी प्लेटच्या जागी थापटी मारून पाहिली. मग त्यांनी तिथल्या शिपायाला शांतपणे समजावलं की तुमची मशीन बिघडली आहे, हिच्यातून कोणीही काहीही घेऊन जाईल. शिपायानं माझ्याकडे पाहिलं. मी नोटीस बोर्ड वाचत होतो. घरी आल्यावर त्यांनी जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक काढून मांडीला लावलं, तेही चिकटलं नाही. डॉक्टरांनी स्टील म्हणून पितळ तर बसवलं नाही ना, ही शंका त्यांना चार-पाच वर्षं होती. शेवटी एका डॉक्टरनं सांगितलं की शरीरात बसवतात ते स्टील चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा कुठे त्या पहिल्या डॉक्टरांची अब्रू परत आली.

अशा माणसाच्या जावयानं हाड मोडायचं ते निदान बरं मोडावं. लोक धावत्या गाड्यांवरून पडतात. मी स्टँडवर लावलेल्या स्कूटरवरून पडलो. दिवाळी होती, आकाशकंदील टांगायचा होता, शेजाऱ्यांकडून शिडी आणायचा कंटाळा आला म्हणून मी सीटवर उभा राहिलो. स्कूटर जागची हलली नाही. मी हललो. बोरगाव मेघ्याच्या आमच्या अंगणात, पूर्ण शुद्धीत, हातात कंदील धरून मी डाव्या नडगीचे दोन तुकडे केले. ऑपरेशन झालं, नडगीत टायटॅनियमचा रॉड बसला, आणि दीड महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता हळूहळू पायावर वजन टाकायला लागा.

इथे माझी विद्वत्ता आडवी आली. ग्रंथपाल माणूस, हाताशी सगळं ज्ञान, शिवाय फोन. मी हाडांविषयी इतकं वाचलं की पाय खाली टेकवायला वेळच मिळेना. त्यात आमच्या घरची शिस्त अशी की नवी वस्तू जपून वापरायची. आमच्या टीव्हीच्या रिमोटची प्लास्टिकची पिशवी अजून निघालेली नाही, सोफ्यावर चादर आहे आणि चादरीवर दुसरी चादर आहे. तोच न्याय मी रॉडला लावला. एवढं महागाचं टायटॅनियम आत आहे, ते नीट बसेपर्यंत त्याला त्रास कशाला द्यायचा, असं म्हणून मी वॉकरवर लटकून चालायची एक पद्धत काढली. तिच्यात माझा डावा पाय सगळीकडे जाऊन यायचा पण जमिनीला लागायचा नाही. मला ही पद्धत इतकी आवडली की भेटायला येणाऱ्यांना मी ती करून दाखवत असे.

तिसऱ्या महिन्यात एक्स-रे काढला तेव्हा मोडलेल्या जागी फट तशीच होती. डॉक्टरीणबाईंनी फिल्म दिव्यावर लावली आणि विचारलं, वजन टाकता का? मी म्हणालो, जपतो. त्या म्हणाल्या, रॉड हाड जोडत नाही, तो हाडाला फक्त वेळ मिळवून देतो. वजन पडलं की हाडाला कळतं की इथे भरायचं आहे. तुम्ही त्याला कळूच दिलं नाही. आणखी तीन महिन्यांत भरलं नाही, तर पुन्हा उघडावं लागेल, कंबरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे घालावा लागेल, कारण नुसत्या धातूच्या जिवावर माणूस किती दिवस चालणार, एक दिवस रॉड थकून मोडतो. एवढ्या सगळ्यातून मी घरी काय घेऊन आलो, तर रॉड मोडतो. म्हणजे आता तर पाय टेकवायलाच नको. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. मला दुसरं ऑपरेशन नको होतं, आणि त्या ऑपरेशनकडे जाणारा जो रस्ता होता त्यावरच मी पाय उचलून चाललो होतो.

मंदानं देवळीला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिल्या बसनं सासरे हजर. खांद्यावर पिशवी, पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली. त्यांनी माझी फिल्म सूर्यासमोर धरली, बराच वेळ पाहिली आणि मंदाच्या हातात परत दिली. मंदा चहा ठेवायला निघाली तर त्यांनी तिला थांबवलं. म्हणाले, लेकीच्या घरचा चहा मले चालत नाई. ही जुनी रीत मला ऐकून माहीत होती, लेकीच्या घरचं पाणीही न पिणारे लोक आमच्याकडे होऊन गेले. पण नातवंड झालं की ती रीत सुटते, आणि आमची मुलगी तर कॉलेजात शिकते, असं मी अभ्यासूपणे म्हणालो. "काहीकाहीची सुटते," ते म्हणाले. मी मंदाकडे पाहिलं. ती म्हणाली, बाबा जुन्या वळणाचे आहेत. आता बावीस वर्षांत हा माणूस आपल्या घरी चहा पितो की नाही, हे जावयाला ठाऊक असायला हवं. मला नव्हतं. ते यायचे ते दुपारी, तुरीची डाळ ठेवायला, तेव्हा मी ग्रंथालयात असायचो. आणि कार्यप्रसंगी घरात माणसं असली की मी आपला खुर्च्या मोजत फिरायचो. कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात आहे ते मी झोपेत सांगेन, पण सासऱ्यांच्या पोटात काय जातं ह्याची नोंद माझ्याकडे नव्हती.

तर चहा कोपऱ्यावरच्या टपरीवर घ्यायचा ठरला. आणि वडीलधारा माणूस देवळीहून येऊन एकटा टपरीवर चहा पितोय आणि जावई घरात गादीवर बसलाय, हे आमच्या गल्लीत शोभलं नसतं. ते दारात उभे राहून म्हणाले, "या ना सोबतीले." मी वॉकर घेतला. फाटकापाशी येताच त्यांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली: लाभ, दोन, तीन, चार. कापूस मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि ह्यांना मोजायची दुसरी रीत येत नाही. माझी पावलं ते घरच्या कापसासारखी मोजत होते आणि शेजारी फाटकांवर कोपरं टेकवून पाहत होते. मी माझी ती लटकायची पद्धत वापरली. ते मोजता मोजता थांबले, खाली पाहिलं आणि म्हणाले, "डावी चप्पल वाजून नाई राह्यली." मग पुन्हा लाभपासून. चप्पल वाजेपर्यंत ते पाऊल मापात धरायचे नाहीत. त्या पहिल्या चहापर्यंत पोचायला मला अर्धा तास लागला, आणि तिथे बसल्यावर मी डोळे पुसले ते घामाचं निमित्त करून.

मग हे रोजचंच झालं. सातची बस, पिशवी, सोबत, लाभ. आठवड्याभरात मला ती टपरी सवयीची झाली तर त्यांना तिथल्या चहाला पाण्याचा वास यायला लागला. म्हणून त्याच्या पुढची टपरी. तिथे दहा दिवस झाले आणि तिथली साखर त्यांना जास्त वाटली. तिसरीकडे आलं कमी. चौथ्याचा चहा ठीक होता, पण त्याचा बाक हलतो म्हणे. चहाच्या बाबतीत इतका चोखंदळ माणूस मी पाहिला नव्हता आणि मनातल्या मनात मी त्यांना पुष्कळ नावं ठेवली. एप्रिल आला, आमच्याकडचं ऊन म्हणजे आठ वाजताच चटके देतं, आणि ह्यांना पसंत पडलेला पाचवा चहा थेट मोठ्या रस्त्यावर निघाला. वॉकर कधीच मागे पडला होता, हातात काठी होती. एक दिवस पाय इतका ठणकत होता की मी स्पष्ट सांगितलं, आज जमणार नाही. त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाले, "बरं. मंग जातो मी बिनाचहाचाच." चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा जावयाच्या दारातून कोरड्या तोंडानं परत चालला. मंदा माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती तिच्यापुढे नडगी काहीच नव्हती. मी काठी शोधली.

मे महिन्यात एक्स-रे झाला. आदल्या रात्री मला झोप लागली नाही, सकाळी मी देवासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिलो, आणि पाय टेकवूनच उभा राहिलो. डॉक्टरीणबाईंनी फिल्म दिव्यावर लावली. फटीच्या जागी पांढरा ढग होता, चारी बाजूंनी आलेला. त्या म्हणाल्या, भरलं. आता पुन्हा उघडायची गरज नाही, रॉड पुढे काढावासा वाटला तर बघू, नाहीतर राहू दे. मी त्यांचे इतक्या वेळा आभार मानले की शेवटी त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. बाहेर सासऱ्यांनी फिल्म उन्हात धरली, एक डोळा मिटला, आणि ते बराच वेळ तसेच उभे राहिले. संत्र्याला कलम बांधलं की जोडाच्या जागी गाठ येते, तशीच आली म्हणाले. 

आम्ही घरी आलो. ते खुर्चीवर बसले, चपला सरकवल्या, आणि आत बघून म्हणाले, "मंदे, चहा ठेव वं." मंदानं ठेवला. त्यांनी तो बशीत ओतून प्यायला, मग आणखी अर्धा कप मागितला, सोबत कालची पोळी आहे का विचारलं. मी पाहतच राहिलो. मंदा पदर तोंडाला लावून हसत होती. मग बाहेर आलं ते सगळं. ते आमच्या घरी बावीस वर्षं चहा पीत आलेले आहेत. डाळ ठेवायला येत तेव्हा जेवूनही जात. पुलगावला थोरल्या लेकीकडे तर चार-चार दिवस राहतात आणि लोणचं मागून घेतात.  राग यायला हवा होता, तोही नीट येईना. मी म्हणालो, मामाजी, सरळ सांगायचं ना, चाला म्हणून, मी काय ऐकलं नसतं?

ते बशी खाली ठेवून माझ्याकडे पाहू लागले, आणि ह्या वेळी बहुतेक चेहऱ्याकडेच पाहत होते.

"नसतं ऐकलं," ते म्हणाले. "डाक्टरनं सांगतलं, तुमी ऐकलं का? अन् जवायाले हुकूम नाई करता येत, बापू. सोबत मांगता येते."

ते गेल्यावर मंदानं आणखी एक सांगितलं. प्लेट जिथे संपते तिथे, मांडीच्या वरच्या अंगाला, त्यांना वर्षभरापासून दुखतं आहे. डॉक्टरांनी त्यांना फार चालू नका म्हणून सांगितलेलं आहे. रोज बसस्टॉपपासून आमच्या घरापर्यंत, तिथून माझ्याबरोबर टपरीपर्यंत, टपरीवरून परत, आणि पुन्हा बसपर्यंत. माझी पावलं मोजली जात होती तेव्हा शेजारी त्यांचीही पडत होती, ती मी एकदाही मोजली नाहीत, आणि त्यांच्या मांडीबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. मी आपला माझ्या नडगीत गुंतलो होतो. ह्याची मला लाज वाटली आणि अजून वाटते.

दुसऱ्या दिवसापासून ते यायचे थांबले. हाड भरलं, काम संपलं. मला मात्र सातला जाग यायची. चप्पल घालून मी एकटाच मोठ्या रस्त्यावर जाऊन आलो, तर तिथला चहा अगदीच बेताचा निघाला, इतके दिवस तो मी काय म्हणून प्यायलो कळेना. चार दिवस असे काढले. पाचव्या दिवशी मी देवळीला फोन लावला आणि म्हणालो, मामाजी, काल संध्याकाळपासून पाय जरा दुखतोय. वास्तविक पाय उत्तम होता. म्हटलं, एकदा फिल्म घेऊन तिकडे येतो, तुम्ही बघून घ्या, तुम्ही मात्र येऊ नका, बसचा त्रास नको. 

"दुखत नसन, जवाईबापू," ते म्हणाले. "करमत नसन."

मी हो म्हणालो.